जात्याचा खुंटा आणि तळहातावरचे लिंग



मठात येणारे तरुण भक्त अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. इष्टलिंगधारी माणसाने दर्ग्यात जावे काय? त्यांचे आजोबा-पणजोबा जात होते, उरुसात नारळ-साखर वाहत होते, पीराच्या नावाने पोरांची नावे ठेवीत होते. आजही विजापूर-गुलबर्गा भागात फकीरप्पा, हुसेनप्पा अशी नावे लिंगायत घरांत सापडतात. नातवाला मात्र त्याचा संकोच वाटतो. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारच्या मुसलमान घरातही नेमका हाच प्रश्न चाललेला असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तिथला शिकलेला मुलगा आपल्या आजीला म्हणत असतो की, दर्ग्यावर जाणे, कबरीपाशी मागणे मागणे, हा आपला धर्म नव्हे. दोन्ही घरांत नातू बोलतो आणि आजी गप्प बसते. म्हणून या महिन्यात एखादे वचन घेऊन त्याचे विवरण करण्याऐवजी त्या गप्प बसलेल्या आजीविषयी काही लिहावे असे मनात आले. दर्ग्याचा घुमट आपल्याला लांबून दिसतो. सूफी संतांनी आपल्या शेजाऱ्यांच्या घरात, चुलीजवळ, पाळण्याजवळ काय केले ते दिसत नाही. ते पाहिल्यावाचून प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे रोग न पाहता औषध देणे होय.

आमच्या डोळ्यांसमोर जो समाज आहे तो विजापूर, गुलबर्गा, बिदर, बेळगाव आणि सोलापूर या पट्ट्यातला. (२०१४ पासून विजापूरचे विजयपुर आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले आहे, जुन्या सवयीने जुनी नावे लिहितो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) त्यात कापूस पिंजणारे पिंजारी-नदाफ आहेत, अत्तार, मणियार, बागवान आहेत, विणकर मोमीन आहेत. घरात दखनी बोलतात, बाजारात कन्नड किंवा मराठी. यांचे पूर्वज बहुतांशी याच मातीतले. मग त्यांच्या घरात इस्लाम कसा शिरला? आपल्याकडे याची दोनच उत्तरे दिली जातात. एक म्हणते तलवारीने, दुसरे म्हणते प्रेमाने. दोन्ही उत्तरे पाठ केलेली आहेत, आणि पाठ केलेले उत्तर विचार करू देत नाही.

तलवारीचा भाग अगदीच नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या त्या काळातले काही पीर लढवय्ये होते अशा कथा त्यांचेच भक्त सांगतात. विजापूरचे पीर माबरी खंडायत यांच्या नावातच खांडा आहे. पुढे आले ते गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज गेसुदराज. त्यांचा जन्म १३२१ मध्ये दिल्लीचा, बालपण दौलताबादेस, वडिलांची कबर खुलताबादेस. म्हणजे आपल्या मराठवाड्याची माती त्यांच्या पायाला लागलेली. १३९८ मध्ये तैमूरची स्वारी आली तेव्हा ते दिल्लीतून निघाले, आणि फिरोजशहा बहमनीच्या काळात, ऐंशीच्या घरात आलेले असताना, गुलबर्ग्यास स्थिरावले. १४२२ मध्ये तिथेच देह ठेवला. पंडित होते, ग्रंथकार होते, आपले पुराण-साहित्यही त्यांनी अभ्यासले होते. पण तो अभ्यास ब्राह्मणांशी वाद करण्यासाठी होता, गळाभेट घेण्यासाठी नव्हे. आजच्या व्यासपीठांवर त्यांना ‘सर्वधर्मसमभावाचे प्रणेते’ म्हटले जाते, तेव्हा आम्हास मौज वाटते. मोठ्या माणसाला आपल्या सोयीचे करून घेण्याची ही रीत त्याच्यावर अन्यायच करते. बसवण्णांवरही तो अन्याय रोज होतो आहे.

घराघरांत शिरण्याचे काम या फारसी-अरबी ग्रंथांनी झाले नाही. ते झाले विजापूरच्या बाहेर असलेल्या शाहपूरच्या टेकडीवरून. तिथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस शाह मीरांजी शम्सुल उश्शाक, सोळाव्या शतकात त्यांचे पुत्र शाह बुऱ्हानुद्दीन जानम, आणि नंतर नातू शाह अमीनुद्दीन आला (निधन १६७५) अशा एकाच घराण्यातल्या तीन पिढ्यांनी लोकांच्या बोलीत रचना केल्या. मीरांजींनी आपल्या लेखनात या बोलीचे समर्थनही केले आहे. ज्यांना अरबी-फारसी येत नाही त्यांना ज्ञानापासून वंचित का ठेवावे, असा त्यांचा सूर. वाचकहो, हा सूर आपल्या ओळखीचा आहे. कल्याणच्या अनुभवमंटपात चर्चा संस्कृतात का चालली नाही याचे उत्तरही तेच होते, आणि ज्ञानदेवांनी मराठीची बाजू घेतली तीही याच कारणासाठी. संस्कृत शिकण्यात आमची तरुणपणीची कित्येक वर्षे गेली आणि त्याचा आम्हास आनंद आहे. पण जी गोष्ट आजीला कळत नाही ती धर्म म्हणून घरात टिकत नाही, ही शरणांची समज त्या वर्षांहून मोठी आहे.

अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर १९७८ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका दुर्लक्षित साहित्याकडे लक्ष वेधले. ते म्हणजे बायकांनी काम करताना म्हणायची गाणी. दळताना म्हणायचा चक्कीनामा, सूत कातताना म्हणायचा चर्खानामा, मूल निजवताना म्हणायचा लोरीनामा, लग्नातला शादीनामा. रचना पीरांच्या किंवा त्यांच्या मुरीदांच्या, गळा बायकांचा. यांत अवघड तत्त्वज्ञान नाही. असते ते इतकेच : अल्ला एक, त्याचा प्रेषित, मध्ये आपला पीर, आणि हाताला जे काम आहे त्यातूनच त्याचे नामस्मरण.

जात्याचे रूपक कसे चालते ते पाहावे. जात्याचा खुंटा उभा असतो. अरबी वर्णमालेतले पहिले अक्षर अलिफ, तेही असेच सरळ उभे. आणि अल्ला या नावाचा आरंभ अलिफनेच होतो. बाई खुंटा हातात धरते, म्हणजे ते नाव हातात धरते. वरचा दगड ज्या खिळीभोवती फिरतो ती खीळ म्हणजे पैगंबर. ती ढळली तर दळण होत नाही. एकेका घासाबरोबर एकेक नाम. जिला कुराणातले अक्षर वाचता येत नव्हते तिच्या मुठीत पहाटे चार वाजता वर्णमालेतले पहिले अक्षर होते. या कल्पनेपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ग्रंथ वाचता येत नाही त्याने काय करावे, हा प्रत्येक धर्मापुढचा प्रश्न आहे. बहुतेक धर्म त्याला म्हणतात, वाचणाऱ्याच्या पाया पड. इथे कुणीतरी म्हटले की तुझ्या हातातले लाकूड हेच तुझे अक्षर.

आता आपल्याकडे पाहू. इष्टलिंगही तळहातावरच असते. देवळात जाण्याची मनाई असलेल्याच्या हातात देव देणे, ही बसवण्णांची क्रांती. शिवाय शरणांनी कायकाला पूजेच्या बरोबरीला आणून बसवले. दोरी वळणारा, नाव वल्हवणारा, तांदूळ वेचणारा, कातडे कमावणारा, प्रत्येकजण आपल्या हत्याराच्या भाषेत परमार्थ बोलला. म्हणून चक्कीनाम्याची बातमी वाचून आपल्याला परके वाटत नाही. आणि मराठी वाचकाला तर मुळीच वाटू नये. पहाटे जात्यावर बसून ओवी म्हणणारी माय प्रत्येकाच्या आठवणीत नसली तरी आजीच्या आठवणीत आहे. गी पॉइतव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जाते एकच, मराठी माय त्याला विठोबाचे नाव गुंफते, दखनी माय पीराचे.

पण साम्य दिसले की लगेच ‘सगळे एकच’ म्हणून मोकळे व्हायचे, ही आळशी बुद्धी. फरक पाहिला पाहिजे. चक्कीनामा बाईने म्हटला, पण तो बहुतेक पुरुषाने रचला. गाण्यात बोलणारी ‘मी’ बाई असली तरी शेवटी नाममुद्रा पीराची. आपल्या वचनसाहित्यात मात्र अक्कमहादेवी, मुक्तायक्का, सत्यक्का, आयदक्की लक्कम्मा या स्वतःच्या अंकितनामाने उभ्या आहेत. लक्कम्मा तर नवऱ्याने गरजेहून अधिक तांदूळ आणले म्हणून त्यालाच बोल लावते आणि परत पाठवते. बाराव्या शतकात हे घडले. याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र अभिमान बाळगणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्या शरणींच्या नंतर किती शतके आपल्या घरातली बाई स्वतःच्या नावाने काही बोलली? दखनी घरात निदान गाणे तरी चालू राहिले. चारशे वर्षे आईकडून लेकीकडे गेले, आणि वाटेत आईने त्यात काय घातले, काय गाळले, ते कोणत्या पीराला कळणार होते? रचणाऱ्याचे नाव राहिले, तरी गाणे म्हणणारीचे झाले.

या गाण्यांचा दुसरा परिणाम घरातल्या लहानांवर. मूल पाळण्यात असल्यापासून पीराचे नाव ऐकते. ते मोठे होऊन नमाज शिकेल न शिकेल, पण कलमा, पैगंबर आणि पीर यांची ओळख त्याला आईच्या दुधाबरोबर मिळाली. मौलवी येण्याआधी आई आली. ईटन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, कुणाला धर्मांतरित करावे या हेतूने ही गाणी रचली गेली नव्हती; ती घराघरांत झिरपली, आणि पिढ्यांमागून पिढ्या घरे बदलत गेली. अमुक दिवशी अमुक गाव मुसलमान झाले, असे सांगता येत नाही. पाणी जमिनीत मुरते तसे हे झाले. आपल्याकडे दीक्षा आहे, तिला दिवस आहे, साक्षीदार आहेत. या दोन रीतींत अधिक खरी कोणती, हे सांगणे आम्हास सोपे वाटत नाही.

मशिदीत बाईला सहसा जागा नव्हती, दर्ग्यात होती. नवस, आजारी लेकरू, न होणारे मूल, नवऱ्याचा जाच, हे सारे घेऊन ती पीरापाशी गेली. तिथे तिच्या शेजारी मराठा, धनगर, लिंगायत बायकाही बसलेल्या असत. दर्गा हे त्या काळी बायकांचे मोकळे बोलण्याचे ठिकाण होते, हे विसरू नये. मोहरमचे पंजे, आलाव्याभोवतीचा नाच, कन्नडातली रिवायतीची पदे, हा मूळचा सूफी भाग नव्हे, पण त्याच वाटेने आपल्या गावांत रुजला. बेळगाव-धारवाड भागात मुसलमानाचे एकही घर नसलेली आणि तरी पंजे बसवणारी गावे आहेत.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. यवनी शास्त्रात महाभूते चार : पृथ्वी, आप, तेज, वायू. इस्लामी पंडितांनी तीच चार घेतली. पण शाहपूरच्या टेकडीवरच्या जानम आणि अमीनुद्दीन यांच्या मांडणीत ती पाच होतात. आकाशतत्त्व येते, आणि प्रत्येकाचे पाच असे पंचवीस गुण येतात. ‘गुण’ हा शब्ददेखील तसाच. वेदान्ताच्या विद्यार्थ्याला हे पंचीकरण ओळखू येण्यास क्षण लागत नाही. उलट दिशेनेही प्रवास झालेला आहे. कल्याणच्या सहजानंदांचे शिष्य मृत्युंजय, म्हणजे शाह मुंतोजी बहमनी, मराठीत ग्रंथ लिहितात. त्यांचा ‘सिद्धसंकेत प्रबंध’ प्रसिद्ध आहे. लिंगायत त्यांना ज्ञानसागर अय्या म्हणतात, मुसलमान मूर्तजा कादरी म्हणतात, आणि समाधी आपल्या बसवकल्याणाजवळच्या नारायणपुरात. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिले तेव्हा त्यांची दखल घेतली. या एका माणसाला कोणत्या खान्यात घालावे? शिरगणती करणाऱ्या कारकुनाला जी अडचण येईल ती मृत्युंजयांना स्वतःला कधी आली नसावी.

इथे आपले काही अभ्यासक उत्साहाने सांगू लागतात की बघा, त्यांनी आपल्याकडूनच घेतले. पीर म्हणजे आपला गुरू, फकीर म्हणजे जंगम, तबर्रुक म्हणजे प्रसाद, जिक्र म्हणजे मंत्र, लंगर म्हणजे दासोह, खानकाह म्हणजे मठ; अष्टावरणच उचलले! हे बरोबर नाही. चिश्ती आणि कादरी परंपरा दक्षिणेत येण्याआधीच पीर-मुरीद, जिक्र, लंगर हे सारे बगदाद, चिश्त, अजमेर येथे घडून चुकले होते. दोन शेतांत एकसारखे पीक आले म्हणजे एकाने दुसऱ्याचे बी चोरले असे नव्हे. पाऊस एक असू शकतो. खरी देवघेव जिथे दिसते, जसे पंचवीस गुणांत, तिथे ती मान्य करावी. जिथे नाही तिथे ओढून आणू नये. आणि सिद्धान्तात अंतर आहे ते आहेच. ऐक्यस्थलात अंग आणि लिंग यांचे सामरस्य होते, वेगळे काही उरत नाही. सूफी ‘फना’ म्हणतो, विरून जाण्याची भाषा बोलतो, पण त्यांच्यातले पुष्कळ आचार्य शेवटी दास तो दास आणि मालक तो मालक या रेषेपाशी परत येतात. ती रेषा त्यांना प्राणाहून प्रिय आहे. शेजाऱ्याला जे प्रिय ते पुसून टाकून मैत्री करणे, ही मैत्री नव्हे.

आता थोडे कडू. सूफींचा प्रभाव म्हणून जे जे घरात आले ते सारे मधुर नव्हते. सतराव्या शतकात विजापूरच्या दरबाराने पीरांच्या वंशजांना जमिनी आणि इनामे दिली. बापाच्या अंगी होते ते तप मुलाच्या अंगी असेलच असे नाही, पण इनाम मात्र मुलाला मिळते. हळूहळू पीर गेला आणि पीरजादा राहिला. साधना गेली आणि कबरीची किल्ली राहिली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले तेव्हा इनामदार झालेले सूफी आणि रस्त्यावरचा मस्त फकीर यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडलेले होते. हे वाचून मनातल्या मनात हसणाऱ्या वाचकाने आपल्या मठांच्या सनदा, जमिनी आणि वारसाहक्काचे खटले आठवावेत. आम्ही स्वतः एका पीठावर बसून हे लिहीत आहोत. पीठाला जमीन चिकटली की जंगम स्थावर होतो. हे सांगायला कुणा परक्या इतिहासकाराची गरज नव्हती. अल्लमप्रभूंनी कुठेही मठ बांधला नाही, यातच ते सांगून झाले होते.

मग आजीचे गाणे कुठे गेले? आधी गावात पिठाची गिरणी आली. जाते कोपऱ्यात गेले, आणि जात्याबरोबर खुंटाही गेला. चरखा त्याआधीच गेला होता. हे कुणा मौलवीने वा स्वामीने केले नाही, बायकांच्या पाठीची कणव करणाऱ्या यंत्राने केले, आणि त्याबद्दल यंत्राला दोष देणारा माणूस स्वतः कधी दळायला बसलेला नसतो. नंतर मात्र दुसरी गोष्ट आली. शिकलेल्या पिढीने धर्म ग्रंथातून वाचायला घेतला, आणि ग्रंथात पीर नाही, कबर नाही, चक्कीनामा नाही. सुधारणेची हाक आली की हे सारे काढून टाका.

याबाबत आमचे मत वाचकांना कदाचित रुचणार नाही. या मुसलमान सुधारकाला आपण चटकन ‘कट्टर’ म्हणतो. पण तो काय म्हणतो आहे ते नीट ऐकावे. तो म्हणतो, मेलेल्याच्या दगडापाशी मागू नका, एकाच्याच पुढे हात पसरा. बसवण्णांनी स्थावराविषयी काय म्हटले, देहालाच देऊळ का म्हटले, दगडाच्या नागाला दूध आणि जिवंत नागाला काठी या ढोंगावर कोणता आसूड ओढला, हे ज्याला पाठ आहे त्याला ही तक्रार समजायला हवी. एकदेवनिष्ठा ही आपलीही शिकवण आहे. म्हणून त्या नातवाची चेष्टा करण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही. चूक आहे ती त्याच्या तत्त्वात नव्हे. तो आजीला अडाणी म्हणतो तिथे आहे. आजीने जे मुठीत धरले होते ते लाकूड नव्हते. एक असलेल्याचे नावच तिने धरले होते. जो धर्म नातू ग्रंथातून वाचतो आहे तो त्याच्या घरात या बाईच्या हातांनी आला, चारशे वर्षे तिने सांभाळला. ज्या दारातून घरात आलो ते दार विटा लावून बंद करणे, याला शुद्धी म्हणावे काय? आपल्या तरुणांनाही हेच विचारावेसे वाटते. ग्रंथातला बसवण्णा सापडला म्हणून ज्यांच्या तोंडी बसवण्णा जगला त्या अडाणी आज्यांच्या चालीरीती खुशाल पायदळी तुडवाव्यात काय?

पण शेजाऱ्याच्या घरातला हा वाद शेजाऱ्याने सोडवायचा आहे. आपण बाहेरून उभे राहून ‘तुम्ही दर्गेवाले चांगले, ते मशिदीवाले वाईट’ असे शेरे मारणे, ही त्यांच्या घरात फूट पाडण्याची रीत आहे. दर्ग्यात जाणारा मुसलमान अर्धा मुसलमान, म्हणून आपल्याला जवळचा, असे म्हणणाऱ्यांचे प्रेम त्यालाही नको आहे. तो पुरा मुसलमान आहे. त्याच्या आजीनेही स्वतःला कधी अर्धे मानले नाही.

आता मूळ प्रश्न. इष्टलिंगधारीने दर्ग्यात जावे काय? नवस बोलायला जाऊ नये. हे स्पष्ट सांगतो. तळहातावर जो आहे त्याला सोडून दुसरीकडे मागणे मागणे हे शरणतत्त्वात बसत नाही. परंतु मग हा नियम सगळीकडे लागू होतो. वर्षातून चार यात्रांना नवस फेडायला जाणारा, दारात लिंबू-मिरची टांगणारा, ग्रहशांती करून घेणारा भक्त केवळ दर्ग्याच्या उंबरठ्यापाशी येऊन एकदेवनिष्ठा आठवू लागला, तर त्याला निष्ठा म्हणता येणार नाही. ते काही दुसरेच आहे, आणि त्याचे नाव त्याने स्वतःच्या मनाला विचारावे.

आदर दाखवायला जावे. सत्पुरुषाच्या समाधीपुढे मस्तक लवणे ही मागणी नव्हे. बिदरजवळ अष्टूर येथे अहमदशहा वली बहमनीची कबर आहे. १४२२ ते १४३६ पर्यंत राज्य करणारा हा सुलतान. दुष्काळात त्याने पावसासाठी प्रार्थना केली, पाऊस आला, म्हणून लोक त्याला वली म्हणू लागले अशी आख्यायिका. घुमटाच्या आतल्या बाजूस सोनेरी अक्षरांत सूफी परंपरेच्या वंशावळी रंगवलेल्या आहेत. त्याचा उरूस हिजरी तिथीने होत नाही, आपल्या पंचांगाने, होळीच्या सुमारास होतो. आणि गुलबर्गा जिल्ह्यातील माडियाळचे जंगम आपल्या भक्तांसह पायी तिथे येतात, शंख वाजवतात, कबरीवर फुले वाहतात. आपले लोक त्या सुलतानात अल्लमप्रभूंना पाहतात. इतिहास म्हणून हे टिकणारे नाही. अल्लमप्रभू त्याच्या आधी अडीचशेहून अधिक वर्षे होऊन गेले. पण शून्याचा उपदेश करणाऱ्या त्या महाजंगमाला एका मुसलमान राजाच्या थडग्यात ओळखणाऱ्या खेडुतांची समज टाकाऊ होती असे आम्ही म्हणणार नाही.

उलट बाजूही नजरेआड करता येत नाही. आळंद येथे लाडले मशायख यांच्या दर्ग्याच्या आवारात राघव चैतन्यांचे स्थान आहे. तुकोबांच्या गुरुपरंपरेत नाव घेतले जाते तेच हे राघव चैतन्य, म्हणून मराठी माणसाला ते परके नाही. तिथे २०२२ च्या महाशिवरात्रीस दगडफेक झाली, जमावबंदी लागली, आणि पुढे पूजा कुणी, किती जणांनी, किती वाजता करायची हे कोर्टाने ठरवून देण्याची पाळी आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या आवारात दोन्हीकडचे लोक वेळापत्रकाशिवाय येत-जात होते, तिथे आता पोलीस दिवा लावण्याची वेळ पाहतात. कोर्टात हक्क सिद्ध करता येतो. अष्टूरला शंख वाजवणाऱ्या जंगमाने मात्र कधी हक्क मागितला नव्हता, आणि त्याला कुणी अडवलेही नाही.

एक विनंती करून थांबतो. विजापूर, अक्कलकोट, आळंद, चिकोडी, हुमनाबाद या बाजूच्या वाचकांच्या शेजारी अजून काही ऐंशी-पंचाऐंशीच्या दखनी आज्या असतील. त्यांना चक्कीवरचे, चरख्यावरचे, पाळण्याचे काही आठवत असेल तर आपल्या घरातल्या लेकी-सुनांनी जवळ बसून ते उतरवून घ्यावे. पुरुषांनी जाऊ नये, त्या म्हणणार नाहीत. तसेच आपल्या घरातल्या आज्यांच्या जात्यावरच्या, बसवण्णांच्या आणि अक्कांच्या नावाच्या ओव्याही उतरवाव्यात. शब्द चुकीचे वाटले तरी दुरुस्त करू नयेत. जसे म्हटले तसेच लिहावे, आणि म्हणणारीचे नाव, तिची परवानगी घेऊन, वर घालावे.